नाण्याची वाकडी कड

४ मार्च

घरजावयाला दैनंदिनी हवीच. घरात मोठ्याने बोलायची सोय नसते.

स्टुडिओ बंद केल्यापासून मला कोणी काम दिलं नव्हतं. आज मिळालं, तेही सासऱ्यांकडून. अप्पांच्या नाण्यांच्या पुस्तकाला अखेर प्रकाशक मिळाला आहे आणि त्याला प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो हवे आहेत. अप्पा जेवताना म्हणाले, "जावईबापू, तुम्ही जन्मभर लोकांचे चेहरे काढलेत. नाणं म्हणजे तरी काय, चेहराच. शिवाय ते हलत नाही आणि नाक मोठं आलं म्हणून तक्रार करत नाही."

मी हो म्हणालो. ही माझ्याकडे बघून हसली. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या हसण्यात कीव नव्हती, किंवा मला दिसली नाही.

दुपारी स्टुडिओतला कॅमेरा काढून पुसला. पासपोर्टचे फोटो काढायची लेन्स लावून एक नाणं टिपलं. मसुरीच्या दाण्याएवढं आलं. जवळ जावं तर धूसर. चेहऱ्यांची लेन्स नाण्याच्या कामाची नाही, एवढं पहिल्याच दिवशी कळलं.

७ मार्च

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मालक एवढा उंच आणि किडकिडीत आहे, की काउंटरला कंबर टेकवून एक हात फळीवर ठेवतो तेव्हा तीन पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. मी मनात त्याचं नाव तिपाई ठेवलंय.

जवळच्या वस्तूंसाठी दोन लेन्स होत्या. आखूड लेन्स नाण्याच्या अगदी नाकाशी न्यावी लागते आणि तिचीच सावली नाण्यावर पडते. लांब लेन्स वीतभर मागे उभी राहते, उजेडाला आत यायला जागा मिळते. लांब बरी हे उघड होतं, पण दुसऱ्याच्या पैशाने घेताना हात आखडतो. आखूड घेतली. तिपाई म्हणाला, "नाही आवडली तर बदलून देतो. खोका फाडू नका म्हणजे झालं."

९ मार्च

स्टुडिओच्या अंधारखोलीतला जुना एन्लार्जर, निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचं यंत्र, माळ्यावर पडून होता. त्याचा दांडा नि पाट ठेवला, बाकीचं काढलं, आणि दांड्यावर कॅमेरा तोंड खाली करून बसवला. कॅमेरा नाण्याला समांतर आहे की नाही हे बघायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवतात. लेन्सला आरशात आपलंच तोंड बरोबर मध्यावर दिसलं, की समांतर. अप्पा बघत बसले होते. म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि तुम्हाला नाण्याला लागतो." मजेत होते.

दोन्ही बाजूंना दिवे, त्यांच्यावर ट्रेसिंग पेपर. पहिला मान पाखराच्या नाण्याचा. हे अप्पांचं लाडकं. तांब्याचं आहे, नखाएवढं पाखरू मध्यभागी, आणि त्याच्या चोचीत दाणा. तो दाणा आजवर कोणी नोंदवलेला नाही. बाकीचे लोक त्याला तांब्याचा फुगवटा म्हणतात. अप्पांचं अर्धं पुस्तक त्या दाण्यावर उभं आहे.

पडद्यावर दाणा दिसला. स्वच्छ, गोल, खालच्या बाजूला बारीकशी सावली. हे मी काढलं होतं.

मोठा प्रिंट काढून अप्पांना दिला. त्यांनी नेहमीसारखं भिंग उजव्या डोळ्याला लावलं, डावा मिटला, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "कडेचं ठीक आहे. मधे पुसट आलंय. दाणा कुठे गेला?"

मी म्हणालो, मला तर दिसतोय. त्यांनी परत बघितलं. "मग तुम्हाला तो तिथे आहे हे माहीत असल्यामुळे दिसतोय. वाचणाऱ्याला माहीत नसणार."

बरोबर आहे त्यांचं. चाळीस वर्षं ते त्या पाखराकडे बघत आलेत. मी सकाळपासून.

१२ मार्च

कारण सापडलं. पुढच्या खोलीत हिचं शिवणयंत्र चालतं, त्याची थरथर जमिनीतून टेबलात येत असणार. बाहेरून बघितलं तर काही कळत नाही, पण एवढ्या जवळून घेताना केसभर हललं तरी दाण्याएवढं बारीक काही टिकत नाही. हिला म्हणालो, फोटो घेईन तेव्हा यंत्र थांबव. तिच्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. म्हणाली, "तुझं पाखरू उडणार नाहीये कुठे. माझी गिऱ्हाईकं उडतील." शेवटी थांबवलं. रबराचे तुकडे पाटाखाली घातले. टायमर लावून, श्वास रोखून फोटो घेतला.

अप्पा म्हणाले, "मधे अजून तसंच आहे."

१५ मार्च

आज नवीन तक्रार. नाण्याची कड वाकडी दिसते. एका जागी आत दबल्यासारखी. मी प्रिंटवर परकार ठेवून बघितला, मला गोल वाटली. पण आखूड लेन्स जवळून रेषा वाकवते हे सर्वांना ठाऊक आहे. मी मुळातच हात आखडायला नको होता.

तिपाईकडे गेलो. त्याने प्रिंट उजेडात धरला, उलटसुलट केला. "साहेब, यात वाईट काय आहे?"

मी म्हणालो, तुम्हाला नाही कळायचं. एकदा एका प्रदर्शनात अप्पांनी काचेच्या पेटीबाहेरून, नुसतं येता-जाता, एक नाणं खोटं आहे म्हणून सांगितलं होतं. तज्ज्ञ हसले. मग तपासलं, तर खोटं. अशी नजर आहे ती.

तिपाईने लांब लेन्स काढून दिली.

२१ मार्च

लांब लेन्स उत्तम आहे. उजेड आत शिरतो, तांब्याचे ओरखडे मोजता येतात. एवढं करून अप्पा म्हणाले, कड अजून वाकडी, शिवाय आता रंग विटका. "तांबं आहे हो हे. तुमच्या फोटोत राख दिसते."

त्यांची चिडचिड वाढली आहे. जेवताना पाणी ओतलं ते पेल्याच्या बाहेर, आणि राग तांब्यावर काढला. "याची धारच वाकडी पडते." हिने टेबल पुसलं. पेपर हल्ली एक डोळा मिटून वाचतात. बातम्या अर्ध्याच खऱ्या असतात, त्यांना एक डोळा पुरे, असं मी म्हणालो तर हसले नाहीत. माझ्या फोटोंनी त्यांचा जीव मेटाकुटीला आणलाय.

२६ मार्च

दिवे बदलले. पांढरे लावले, मग थोडे पिवळट, मग खिडकीच्या उजेडात. एक दिवस पंचेचाळीस अंशांत काच धरून उजेड वरून सरळ खाली पाडला, त्यात तर पाखराची पिसंसुद्धा उठून आली. अप्पांना राखच दिसते.

संध्याकाळी ही म्हणाली, "तुला स्वतःला काय दिसतं?"

मी म्हणालो, मला काय दिसतं हा प्रश्नच नाही. पुस्तक त्यांचं आहे, नाणी त्यांची आहेत.

"डोळे तुझे आहेत," ती म्हणाली आणि दोरा ओवायला लागली.

२ एप्रिल

प्रकाशकाचा फोन. नमुन्याला पाठवलेले फोटो त्यांना फार आवडले, सगळे असेच हवेत. मी धावत जाऊन अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला कागद कळतो. नाणं कळत नाही." मग थोड्या वेळाने, जरा हळू, "तुमची मेहनत दिसते मला. पण फोटो चुकतोय."

आतापर्यंत काढलेले सगळे फोटो पुसून टाकले. स्टुडिओ बुडाल्याचं खापर लोक मोबाइलवर फोडत होते. मला आता वाटतं, मुळात मला कामच येत नव्हतं. चेहरेवाले सभ्य होते म्हणून बोलले नाहीत.

९ एप्रिल

आज लेन्सची खरी परीक्षा घेतली. ग्राफ पेपर पाटावर ठेवून त्याचा फोटो काढला. लेन्स रेषा वाकवत असेल तर चौकटींत लगेच पकडली जाते. पडद्यावर पट्टी लावून बघितलं. वरपासून खालपर्यंत सरळ.

अप्पांना प्रिंट दिला. भिंग लावून म्हणाले, "हे बघा. मधल्या रेषा वाकल्यात. पाण्यात पडल्यासारख्या."

मी पट्टी लावून दाखवली. ते वैतागले. "पट्टी काय लावता? नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत झालीय तुमची. रोज नवं कारण." मी ओशाळलो. मग मला काय वाटलं कोण जाणे, फोटो बाजूला ठेवून मूळ ग्राफ पेपरच त्यांच्या हातात दिला.

त्यांनी भिंग लावलं. कागद थोडा फिरवला. परत सरळ धरला.

"हाही वाकलाय," ते म्हणाले.

मग म्हणाले, "कागद दमट झाला असेल."

"असेल," मी म्हणालो, आणि नवा कागद आणायला गेलो.

११ एप्रिल

नव्या कागदावरही तेच. रात्रभर डोकं चालवलं आणि चोर सापडला. भिंग. जुनं आहे, कितीदा पडलंय, आतली काच सरकली असणार. म्हणजे फोटोत कधीच काही चूक नव्हती. एवढा आनंद झाला की हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "भिंग?" आणि माझ्याकडे बघत राहिली. अर्धवट झोपेत होती.

अप्पांनाही पटलं. पटकन पटलं. "हो हो, भिंगच असणार," म्हणाले. नवं मागवलंय. तिपाईकडे नव्हतं, बाहेरून येईल म्हणतो. पाच-सहा दिवस.

१७ एप्रिल

नवं भिंग आलं. अप्पांनी कागद बघितला, नाणं बघितलं, परत कागद. "हेही तसलंच दिलंय त्याने," म्हणाले, आणि आज दमलोय सांगून आत जाऊन पडले.

मी टेबल आवरत होतो. दोन्ही भिंगं तिथेच होती. जुनं उचलून माझ्या डोळ्याला लावलं आणि ग्राफ पेपरवर धरलं.

रेषा सरळ आहेत.

१८ एप्रिल

सांगितलं नाही.

१९ एप्रिल

कसं सांगायचं? ज्यांच्या घरात राहतो, ज्यांचं मीठ खातो, ज्यांच्याजवळ नजर सोडून मिरवण्यासारखं दुसरं काही नाही, त्यांना म्हणायचं की अप्पा, तुमची नजर? दोनदा खोलीच्या दाराशी गेलो. एकदा चहा हवा का विचारून परत आलो, एकदा नुसताच परत आलो. शिवाय मी कोण, डॉक्टर आहे का? चष्म्याचा नंबर बदलला असेल. म्हातारपणी बदलतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड माझं मीच दाबलंय.

२१ एप्रिल

हिला सांगितलं. वाटलं होतं ती दचकेल. ती यंत्रावरून उठली, हात पुसले आणि सरळ अप्पांच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

ती त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "अप्पा, हलू नका." आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला. "माझ्याकडे बघा. दिसते मी?"

"दिसतेस की."

"काय दिसतं?"

अप्पा थांबले. "केस दिसतात. कानातलं दिसतं. खांदे."

"आणि तोंड?"

तिने हात काढला नाही. "अप्पा, तोंड दिसतं का माझं?"

"नाही गं," ते म्हणाले.

तिने त्यांचं डोकं छातीशी धरलं. मी खिडकी लावायचं निमित्त केलं. ती आधीच बंद होती.

२३ एप्रिल

डोळ्यांचा दवाखाना. डोळ्यांत थेंब, मग अंधारात बसणं, मग यंत्रासमोर हनुवटी टेकवणं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांत बोलतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, बारीक शिरांतून स्राव झिरपत होता. आता तिथे व्रण झालाय. इंजेक्शनं देऊन पुढची पडझड थोपवता येईल, गेलेलं परत येणार नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, म्हणून घरात कोणाला कळत नाही. एक डोळा मिटल्यावरच कळतं.

"रेषा वाकड्या दिसणं कधी सुरू झालं?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी मान माझ्याकडे वळवली. मी म्हणालो, मार्चमध्ये. त्याआधी मधलं पुसट. मग रंग विटका. मला सगळं तोंडपाठ होतं, क्रमाने.

"तेव्हाच यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. रागावून नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डावा डोळा आज चांगला आहे. पण त्यातही हेच सुरू होऊ शकतं. झालं आणि ताबडतोब आलात तर पुष्कळ वाचवता येतं, असं म्हणाल्या. ज्या दिवशी सरळ गोष्ट वाकडी दिसेल त्याच दिवशी या, दुसऱ्या दिवशी नको.

२६ एप्रिल

दोन दिवस अप्पा बोलले नाहीत. आज दुपारी मला हाक मारली.

"पहिल्या दिवशी तुम्हाला दाणा दिसला होता."

"हो."

"कड?"

"गोल होती."

"कागदाच्या रेषा?"

"सरळ होत्या, अप्पा."

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, तुम्ही म्हणालात म्हणून. यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पाटाखाली रबर घातलं, लेन्स बदलली, दिवे बदलले, भिंग बदललं, हिचं यंत्र बंद पाडलं. तेवढ्या दिवसांत एकदा मान वर करून त्यांच्या डोळ्याकडे बघितलं असतं तर. पण त्यांची नजर चुकेल हे माझ्या मनाच्या कोपऱ्यातसुद्धा आलं नाही. माझी चूक असणार हे मात्र नेहमीच तयार असतं.

मला वाटलं आता मला घालवून देतील. दिलं असतं तर मी गेलो असतो.

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कागद हातात दिलात ना, त्या दिवशी मला कळलं होतं. पण तुम्ही भिंगाचं काढलंत. बरं वाटलं. म्हटलं, चला, अजून एक वस्तू बदलायची राहिलीय." मग म्हणाले, "तुम्ही चांगले आहात हो. तुमच्या चांगुलपणाने माझा घात केला, आणि मी तो होऊ दिला."

मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकलो, आणि सरकल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

५ मे

पहिलं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई. मी बाहेरच बसलो. अप्पा बाहेर येऊन म्हणाले, "तुमच्या प्रिंटांपेक्षा कमी त्रास झाला."

पुन्हा फोटो सुरू केलेत. पुसून टाकलेले सगळे नव्याने. लांब लेन्स, दोन दिवे, ट्रेसिंग पेपर. अप्पा आता डाव्या डोळ्याने तपासतात आणि घाई करतात, का ते कोणी बोलत नाही. त्यांनी नियम केलाय: आधी मी सांगायचं काय दिसतं, मग ते बघणार. सुरुवातीला माझी जीभच उचलेना. आता जरा जमतं. काल मी म्हणालो, हा फोटो चांगला आलाय. त्यांनी बघितलं. "चांगला आलाय," म्हणाले. पाखराचा प्रिंट दिला तेव्हा तो हातात धरून बसूनच राहिले. दाणा त्यांना दिसत होता.

१२ मे

अर्ध्याहून जास्त नाणी झाली. हिचं यंत्र दिवसभर चालू असतं, फोटो हलत नाही. कधीच हलत नव्हता.

२० मे

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. ते आत आहेत, ही त्यांच्याबरोबर आहे. मला बाहेर थांबायला सांगितलं.

सकाळी चांदीचं चौकोनी नाणं घेतलं होतं. प्रिंट काढला, नियमाप्रमाणे आधी मी सांगितलं: चारही कडा स्वच्छ, अक्षरं पूर्ण, एका कोपऱ्याला जुना ठोका. अप्पांनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं. बराच वेळ लागला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, ही वरची कड मधे जरा झुकलीय का?"

मी बघितलं. मग आणखी एकदा बघितलं. काय काय म्हणता आलं असतं. कॅमेरा तिरका झाला असेल. कागद गुंडाळला गेला असेल. थांबा, आरसा ठेवून बघतो. हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते माझ्याकडे अशा आशेने बघत होते की त्यातलं काहीही चाललं असतं.

"फोटो सरळ आहे, अप्पा," मी म्हणालो.

बाहेरच्या खोलीतलं यंत्र थांबलं. अप्पांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"खरं सांगायची एवढी घाई कोणी केली होती तुम्हाला," ते म्हणाले, आणि उठायला माझ्याकडे हात केला.